पालथा हात

पहिल्यांदा मी सासूबाईंचे पाय दाबले, तेव्हा त्या पुढचे दोन दिवस लंगडत होत्या.

ढब्बी तेव्हा पाच महिन्यांची होती. ढब्बी म्हणजे माझी लेक. तिचे गाल बघून आजीनंच हे नाव पाडलं, आणि आता खरं नाव फक्त लसीच्या कार्डावर उरलंय. मी एका मोठ्या हॉलमधल्या दोन दिवसांच्या अॅक्युप्रेशर शिबिराला जाऊन आले होते. स्टेजवर कोट घातलेले एक सर, त्यांच्या मागे छताला टेकलेला तळपायाचा तक्ता, त्यावर रंगीत ठिपके. इथे डोकं, इथे पोट, इथे झोप. दीडशे माणसं खुर्च्यांवर बसून आपापले तळवे दाबत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्र, एक काटेरी लाकडी रूळ आणि सरांबरोबर फोटो. मी घरी आले ती उडतच. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, तक्ता भिंतीला टेकवला, आणि 'दुखलं म्हणजे लागू पडतंय' हे सरांचं वाक्य मनात घोकत अंगठ्यात होतं नव्हतं ते सगळं बळ आणलं.

"आई गं!" त्या किंचाळल्या.

"लागू पडतंय, आई!" मी म्हटलं.

वर तो रूळही फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळपायावर हिरवानिळा डाग उमटला होता आणि त्या एका पायावर भार टाकून इस्त्री करत होत्या. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. कपडे घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "काय झालं हो पायाला?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाईला प्रमाणपत्र मिळालं."

मीही हसले. पण आत जाऊन ढब्बीला पाजायला घेतलं आणि डोळे भरून आले, कारण मला काय करायचं होतं आणि झालं काय!

ढब्बी झाली तेव्हा माझ्या आईला येता आलं नाही. ती एका वसतिगृहात स्वयंपाक करते, परीक्षांचे दिवस होते, रजा मिळाली नाही. घरी आल्यावर मला रोज दुपारी चारच्या सुमारास रडू यायचं. कारण काही नसायचं. बाळ झोपलेलं, घर आवरलेलं, आणि मी आपली घळाघळा रडतेय. सासूबाईंनी कधी "काय झालं" म्हणून विचारलं नाही. त्या इस्त्री बंद करायच्या, पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसायच्या आणि माझे पाय मांडीवर घ्यायच्या. ठिपके नाहीत, तक्ता नाही. नुसते दाबायच्या. दिवसभर इस्त्री धरून त्यांचे हात कोमट झालेले असायचे. तोंडानं गिऱ्हाइकांच्या गोष्टी चालू: अमक्याच्या शर्टाला सगळी बटणं वेगवेगळी, तमकीनं नवऱ्याची पँट स्वतः आखूड केली आणि एक पाय जास्तच आखूड झाला. मी रडता रडता हसायला लागायचे. दीड महिना हे रोज चाललं. मग एक दिवस चार वाजले आणि मला रडूच आलं नाही.

मला तेच त्यांना द्यायचं होतं. त्यांच्या पायांना, जे सव्वीस वर्षं त्या टेबलामागे उभे आहेत आणि ज्यांना कधी कुणी हात लावला नाही. आणि मी काय दिलं? तर डाग. त्यानंतर मी नुसती जवळ जाऊन बसले तरी त्या पाय खुर्चीखाली ओढून घ्यायच्या.

"तुझे सर," एक दिवस चादरीची घडी घालताना त्या म्हणाल्या, "परवा त्यांचा कोट आला होता इस्त्रीला. बाहेरून एकदम कडक. आतलं अस्तर सगळं उसवलेलं, आणि टाके कुठे घातलेत म्हणशील, तर जिथे दिसतं तेवढ्यातच."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कोटाचं सांगितलं." मग त्यांनी खालच्या फळीवरून एक छोटा गठ्ठा काढला. पांढरे नॅपकिन, बरोबर बारा. "हे बघ. दर आठवड्याला येतात. अकरा नाहीत, तेरा नाहीत. इतके जुने की मधे विरलेत, पण एकावर डाग दाखव. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर राहतात त्या बाई. आधी बायकांच्या वॉर्डात नर्स होत्या, आता हेच शिकवतात, तुझं ते दाबण्याचं. शिकायचंच असेल ना, तर तिथे शिक. माझे पाय उधार मिळणार नाहीत."

अशा मला बाई मिळाल्या. नॅपकिनवरून.

पहिल्या शनिवारी बाईंनी मला परत पाठवलं. मी जिना चढून, धापा टाकत, ढब्बीच्या दोन भुकांमधला वेळ हिशेबानं पकडून गेले होते. बाईंनी जाड चष्म्यातून माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "नखं. कापून ये. पुढच्या शनिवारी."

"बाई, इथेच कापते, नेलकटर असेल तर…"

"पुढच्या शनिवारी."

नवरा शाळेची व्हॅन चालवतो, म्हणून शनिवारी दुपारी तो घरी असतो आणि ढब्बीला सांभाळतो. मी अर्ध्या तासात परत आलेली बघून तो म्हणाला, "झालं शिकून? हुशार आहेस!"

पुढच्या शनिवारी नखं कापून गेले. आम्ही चौघं होतो. कापडाच्या दुकानातल्या दोघी मैत्रिणी, कोपऱ्यावरचे सलूनवाले दादा, आणि मी. भिंतीवर तळपायाचा तक्ता नव्हता. एक साधा कागद होता, बाईंच्या अक्षरातला: 'इथे दाबायचं नाही.' खाली यादी. ताप असलेला माणूस. गरोदर बाई, आधी विचारल्याशिवाय. जखम, पुरळ, नुकतं मोडलेलं हाड. तान्हं मूल. एकच पाय सुजलेला किंवा गरम. अशा चौदा ओळी. दर शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही ती यादी मोठ्यानं म्हणायचो, शाळेत पाढे म्हणतात तशी.

"बाई, कुठे दाबायचं नाही ते कळलं," तिसऱ्या आठवड्यात सलूनवाले दादा म्हणाले. "आता कुठे दाबायचं तेही कधीतरी कळू द्या. माझ्या गिऱ्हाइकांची डोकी वाट बघतायत."

"बघू देत," बाई म्हणाल्या, आणि टेबलावर सहा स्टीलचे पेले मांडले. प्रत्येकात पाणी, प्रत्येकावर नॅपकिन. (तेव्हा मला त्या बारांचं कोडं उलगडलं. सहा पेल्यांवर, बाकीचे आमच्या हातांना.) एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यापेक्षा किंचित, अगदी किंचित गरम. नॅपकिनवर हाताची पालथी बाजू ठेवायची आणि गारापासून गरमापर्यंत ओळीनं सांगायचं.

"तळव्यानं का नाही?" मी विचारलं.

"तळवा उतावळा असतो," बाई म्हणाल्या. "कुठेही टेकला की त्याला काहीतरी करायचं असतं. दाबायचं, चोळायचं, पकडायचं. पालथ्या हाताला काही करताच येत नाही. म्हणून तो मुकाट्यानं ऐकतो."

"बाई, आम्हाला चहाच्या दुकानात लावणार आहात का?" दादा म्हणाले, आणि त्यांनी सगळे पेले चुकवले. मीही चुकवले. घरी येऊन ढब्बीच्या दुधाच्या बाटल्यांवर, नवऱ्याच्या दोन कानांवर, इस्त्री केलेल्या शर्टांच्या चवडीवर पालथा हात ठेवत सुटले. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "कपड्यांना ताप आलाय का गं?"

दोन महिने हेच. पालथा हात, आणि तोही दोन्हीकडे. एका पायाला लावला की दुसऱ्यालाही लावायचाच, त्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तिसऱ्या महिन्यात बाईंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि त्यावर अंगठ्याचं पोट ठेवून दाब वाढवायला आणि तितक्याच हळू कमी करायला शिकवलं. काटा जरा जरी हिसका देऊन हलला की, "परत." माझं 'परत' एका दुपारी एकोणीस वेळा झालं. पण त्या आठवड्यात मी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बोलता बोलता झोपला, वाक्य अर्धं टाकून. दाराआडून सासूबाई बघत होत्या. मला दिसल्या. मी बघितल्यावर त्यांनी उगाच पडदा झटकला.

 मी मनात रोज वाट बघत होते की त्या कधीतरी पाय पुढे करतील.

मधेच सासूबाईंना ताप आला. आठ दिवस पडून होत्या, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. उठल्या त्या अशक्त, तरी बहिणीकडे जायचंच म्हणून हट्टानं गेल्या. चौदा तासांची बस. जाताना चौदा, येताना चौदा. बुधवारी परत आल्या आणि गुरुवारी इस्त्री सुरू. शुक्रवारी मी बघितलं, त्या परत एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

"या वेळी मी काही केलं नाही हं," मी म्हटलं.

"बसून बसून आखडलाय. जाईल."

शनिवारी मी वर्गावरून आले. ढब्बीला पाजलं, तिला नवऱ्याकडे दिलं. ऊन उतरलं होतं. पुढच्या खोलीतून इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा आवाज आला, मग स्टूल ओढल्याचा. सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या, गाऊन गुडघ्यापर्यंत वर केला आणि डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"दाब," त्या म्हणाल्या. "पोटरी नुसती दगड झालीय. बघू तरी, चार महिने काय शिकलीस ते."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी तो पाय दोन्ही हातांत धरला असता, कपाळाला लावला असता. त्यांची टाच भेगाळलेली, बोटं एकमेकांवर चढलेली. इतक्या दिवसांनी तो पाय आपण होऊन आला होता. माझे अंगठे सरसावलेच होते.

पण हाताला सवय लागली होती. तो आपोआप उलटा झाला. डाव्या पोटरीवर ठेवला. मग मी त्यांचा उजवा पायही मांडीवर घेतला आणि तिथे ठेवला. परत डावा. परत उजवा.

"पेले नाहीत ते, पाय आहेत," सासूबाई म्हणाल्या.

डावी पोटरी गरम होती. पेल्यांमधला फरक कळायला मला दोन महिने लागले होते. हा फरक कळायला पळभरही लागला नाही. मी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. डावा जाड दिसत होता, कातडी ताणलेली, चमकणारी.

"आई, हा पाय गरम आहे."

"इस्त्रीपाशी उभी असते दिवसभर. गरम लागणारच."

"दोन्ही पाय इस्त्रीपाशीच असतात ना, आई? मग एकच का गरम?"

त्यांनी डावा पाय आणखी पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तू दाबणार आहेस की नाही?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मला दाबता येणार नाही."

त्यांनी दोन्ही पाय खाली घेतले. गाऊन सारखा केला. त्यांचा चेहरा जसा झाला, तसा शिबिराच्या दिवशी पाय दुखल्यावरही झाला नव्हता.

"राहू दे. जगाचे पाय दाबायला शिकतेस. म्हातारीच्या पायाची किळस येत असेल तर तसं सांग, मी नाही रागावत."

"आई, असं नाही हो…"

"चादरी पडल्यात," म्हणून त्या उठल्या.

मला त्या क्षणी खरंच वाटलं, दाबावं. हळूच, पिसासारखं. काय होणार आहे? यादीतली एक ओळ ती, आणि यादी म्हणताना आम्ही सगळेच जांभया द्यायचो. चार महिने ज्याची वाट बघितली ते दोन मिनिटांत हातचं जाईल आणि परत कधी येणार नाही. पण मी फोन उचलला आणि बाईंना लावला.

बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "एकच पाय? सुजलाय? मधे आजारी होत्या? प्रवास?" मी एकेक सांगत गेले. चौदा तास म्हटल्यावर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "चोळायचं नाही. दाबायचं नाही. तेल नको, शेक नको. आत्ता हॉस्पिटलमध्ये ने. उद्या नाही, आत्ता."

"बाई, आणि काहीच नसलं तर?"

"तर मी घरी येऊन तुझ्या सासूची माफी मागेन. नीघ."

नवऱ्यानं व्हॅन काढली. सासूबाई आधी तयारच होईनात. शेवटी तो म्हणाला, "आई, चल ना गं, माझ्यासाठी," तेव्हा चढल्या. पिवळ्या व्हॅनमधली लहान मुलांची बाकं, त्यावर त्या गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या, मांडीवर ढब्बी. "या वयात मला शाळेत घालताय का?" त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून नाही. मी त्यांच्या शेजारी बसले, तर त्यांनी ढब्बीला मधे बसवलं.

तपासणाऱ्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना मोजपट्टी लावली, पायाची सोनोग्राफी करून घेतली, आणि बाहेर आल्या त्या भरभर चालत. पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होती. ती तिथून सुटून वर फुप्फुसात गेली असती तर, एवढं बोलून त्या थांबल्या आणि ढब्बीकडे बघून वाक्य तिथेच सोडलं.

"घरी कुणी पाय चोळलाबिळला का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, अजून त्याच रागात. "चोळते कसली? हिनं हातसुद्धा लावला नाही."

"फार चांगलं केलं," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. "चोळलं असतं, तर महागात पडलं असतं."

सासूबाईंनी मान वळवली. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या, कुणाचा तरी शर्ट उजेडात धरून बघतात तसं. मी ढब्बीचे मोजे काढत होते आणि घालत होते. काढत होते आणि घालत होते.

"लावला होता," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "पालथा."

त्या चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. तिसऱ्या दिवशी बाई आल्या. सासूबाईंनी त्यांना पहिलंच वाक्य ऐकवलं, "तुमचे नॅपकिन माझ्याकडे अडकलेत हो. शनिवारी पेले उघडेच राहणार."

"राहू देत," बाई म्हणाल्या. खुर्चीत बसल्या, आणि बराच वेळ दोघी हाताच्या कातडीवर बोलत राहिल्या: गरम धातूनं ती जाड कशी होते, वर्षानुवर्षं साबणानं हात धुऊन पातळ कशी होते. मला कुणी बोलण्यात घेतलं नाही. मी ढब्बीला घेऊन खिडकीपाशी उभी होते आणि मला फार बरं वाटत होतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, निदान सहा महिने हा पाय दाबायचा नाही, चोळायचा नाही. म्हणजे चार महिने शिकून मी ज्यासाठी शिकले तेच करायचं नाही! सलूनवाल्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, बाईंनी आपल्याला न दाबण्यातच पटाईत केलंय." पण त्या शनिवारी यादी म्हणताना त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

सासूबाई आता उंच स्टुलावर बसून इस्त्री करतात, आणि दर थोड्या वेळानं उठून खोलीत फेऱ्या मारतात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आमच्या सूनबाईनं पायाला हात लावला नाही, म्हणून मी वाचले." लोकांना काही कळत नाही. काहीजण माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. मी खुलासा करत नाही.

रोज दुपारी चार वाजता इस्त्री बंद होते. त्या आत येतात आणि पाय माझ्या मांडीवर ठेवतात. मी आधी डाव्या पोटरीवर पालथा हात ठेवते, मग उजव्यावर. डोळे मिटते.

"सारखे?" त्या विचारतात.

"सारखे."

"नीट बघ. मागच्या वेळी घाईत केलंस."

मी परत बघते. तेवढ्यात ढब्बी रांगत येते आणि आपला ओला तळवा आजीच्या पायावर आपटते. तिला अजून पालथं-सुलटं कळत नाही.

काल मात्र वेगळंच झालं. बघून झालं, तरी सासूबाई उठल्या नाहीत. "आता तुझे दे," म्हणाल्या.

"माझे कशाला, आई? मला काही झालं नाही."

"मी विचारलं का, काय झालं ते?"

मी पाय त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी आपला हात उलटा केला, सव्वीस वर्षं इस्त्री धरलेला तो जाडाभरडा हात, आणि माझ्या एका पावलावर ठेवला. मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. भुवया आक्रसून, श्वास रोखून, पेल्यांपुढे मी बसायचे तशाच.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"गप गं. ऐकू दे."

मी गप्प बसले. ढब्बीही बसली, का कुणास ठाऊक.

"दोन्ही सारखेच आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन्ही गार. मोजे घालत जा." आणि हात सुलटा करून दाबायला लागल्या.